राउटरवरची हार्ड डिस्क: फॉरमॅट, पार्टिशन आणि आपली वीज

बऱ्याच वायफाय राउटरच्या पाठीमागे यूएसबीचं एक पोर्ट असतं आणि बहुतेक घरांत ते जन्मभर रिकामंच राहतं. त्यात एक हार्ड डिस्क लावली की जत्रेतल्या नाटकांचं रेकॉर्डिंग, चवथीचे फोटो, घुमट-आरत्या असं सगळं हॉलमधल्या टीव्हीवर, लॅपटॉपवर आणि फोनवर एकाच ठिकाणाहून बघता येतं. इंटरनेट बंद असलं तरी हे चालतं, कारण सगळा व्यवहार घरातल्या घरात. फोंड्याला एका घरात एक टीबीची जुनी पोर्टेबल डिस्क अशी लावली. क्विक फॉरमॅटला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. पण कुठलं फॉरमॅट करायचं आणि ते राउटरच्या गळी कसं उतरवायचं, यात दोन संध्याकाळी गेल्या. त्यातली एक वाया गेली नसती, जर सुरुवातीला राउटरचं सेटिंगचं पान उघडून बघितलं असतं.

कारण हा निर्णय राउटर घेतो, संगणक नव्हे. दुकानात विचारलं की सरसकट सांगतात, ‘एक्सफॅट करा, सगळीकडे चालतं.’ संगणकांपुरतं ते खरं आहे. एक्सफॅट २००६ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केला तो २०१९ मध्ये, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये (म्हणजे गाभ्यात) त्याचा नीट ड्रायव्हर आला २०२० मध्ये, ५.७ आवृत्तीत. राउटरच्या आत लिनक्सच असतं, पण ते बऱ्याचदा कित्येक वर्षं जुनं. म्हणून एक्सफॅटची डिस्क लावली की यूएसबीचा दिवा पेटतो, डिस्क फिरायला लागते आणि राउटरच्या पानावर मात्र काहीच दिसत नाही. चूक काय झाली हेही तो सांगत नाही. माणूस केबल बदलतो, पोर्ट बदलतो, डिस्क बिघडली समजून मोकळा होतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडणं (नेमका पत्ता राउटरच्या पोटावरच्या लेबलवर असतो) आणि ‘यूएसबी’ किंवा ‘स्टोरेज’ नावाचं पान शोधणं. कुठली फाइल सिस्टम (फॉरमॅट करताना ठरणारी, डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) चालते ते तिथे किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. फायबरवाल्यांनी दिलेल्या डब्यालाही बऱ्याचदा यूएसबी असतं, पण त्यातलं हे पान पुष्कळदा कुलूपबंद ठेवलेलं असतं. ते दिसत नसेल तर त्या डब्याच्या मागे लागू नये, त्याच्या पुढे स्वतःचा राउटर जोडावा. आमच्या राउटरच्या यादीत दोनच नावं निघाली: फॅट३२ आणि एनटीएफएस.

फॅट३२ लगेच बाद. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तीन तासांचं गावचं नाटक १० एमबीपीएसने (सेकंदाला १० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) रेकॉर्ड केलं तर ३ × ३६०० × १० भागिले ८, म्हणजे साडेतेरा जीबी होतात. ते कॉपी करायला गेलं की डिस्क अर्धी रिकामी असूनही विंडोज म्हणतं, फाइल फार मोठी आहे. (हँडीकॅमवर एका अंकाचे तीन-चार तुकडे पडलेले दिसतात, ते बऱ्याचदा कार्डावरच्या याच फॅट३२ मुळे.) शिवाय विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वरच्या डिस्कला फॅट३२ हा पर्यायच दाखवत नाही, त्यासाठी वेगळं साधन लागतं. एवढा खटाटोप करून मिळणार काय, तर ४ जीबीची मर्यादा.

राउटरला चालत असेल तर एक्स्ट४ हे त्याच्या रक्तातलं, म्हणजे लिनक्सचं स्वतःचं फॉरमॅट आहे. त्यात जर्नल असतं, म्हणजे काय लिहिणार आहोत याची नोंद आधी आणि लिहिणं नंतर. मध्येच वीज गेली तर नोंद बघून ते स्वतःला सावरतं. पण राउटर एके दिवशी मेला तर ती डिस्क विंडोजमध्ये लावून उघडत नाही, लिनक्सचा संगणक शोधावा लागतो. घरात लिनक्स जाणणारं कोणी असेल तर बेलाशक एक्स्ट४ करावं, दोन गोष्टी सांभाळून. एक, ते मुळात ५ टक्के जागा राखून ठेवतं, म्हणजे एक टीबीत सुमारे ५० जीबी. फॉरमॅट करताना हे प्रमाण शून्यावर आणता येतं. दोन, नव्या लिनक्सवर फॉरमॅट केलं तर त्यात मेटाडेटा चेकसम नावाची सोय आपोआप चालू होते. ती जुन्या कर्नलला समजत नाही आणि राउटर डिस्क एक तर उघडतच नाही किंवा नुसती वाचायला देतो. फॉरमॅटच्या वेळीच ती बंद करावी.

आम्ही एनटीएफएस घेतलं. त्यातही जर्नल आहे, पण इथे एक गोम आहे: राउटरमधला एनटीएफएसचा ड्रायव्हर ते जर्नल विंडोजइतकं पुरतेपणी पाळेलच असं नाही. तेव्हा राउटरवरून लिहिताना वीज गेली तर एनटीएफएस आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नये. त्याचा खरा फायदा दुसरा. काही बिघडलंच तर डिस्क काढून कुठल्याही विंडोज लॅपटॉपला लावता येते आणि चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) चालवता येतं. यावरूनच पुढचं धोरण ठरलं: मोठं लिखाण सगळं लॅपटॉपला जोडून करायचं, राउटरवर डिस्क मुख्यतः वाचायला.

आता पार्टिशन, म्हणजे डिस्कवर पाडलेले कप्पे. ही डिस्क पूर्वी कोणाच्या तरी मॅकवर वापरलेली होती. विंडोजमध्ये लावून दिसलेलं मोठं पार्टिशन एनटीएफएस केलं, राउटरला लावली, तर राउटर म्हणतो डिस्क २०० एमबीची आहे! डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर उलगडा झाला. मॅकने डिस्कच्या सुरुवातीला २०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (संगणक सुरू करायच्या फाइलींसाठीचा राखीव कप्पा) ठेवलं होतं आणि राउटर पहिलं पार्टिशन बघून तिथेच थांबत होता. राइट क्लिक केलं तर विंडोज ते पुसूही देत नाही, डिलीटचा पर्याय फिका पडलेला असतो. डिस्क विंडोजवरच जीपीटी या पार्टिशनांची यादी ठेवायच्या नव्या पद्धतीने तयार केलेली असली तरी सुरुवातीला असंच एक छोटं राखीव पार्टिशन पडतं, ते तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतसुद्धा नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे पाटी कोरी करणं. आधी डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डिस्कपार्ट’ चालवायचं. इथल्या आज्ञा मराठी अक्षरांत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. पहिल्यांदा बाहेरची डिस्क न जोडता ‘लिस्ट डिस्क’ द्यावं, मग डिस्क जोडून पुन्हा द्यावं. यादीत जी नवी ओळ आली तीच आपली. आकारही ताडून घ्यावा: एक टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते, कारण बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, चोरी कोणी केलेली नाही. मग ‘सिलेक्ट डिस्क १’ (किंवा जो आकडा असेल तो), ‘क्लीन’, ‘कन्व्हर्ट एमबीआर’, ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट एफएस=एनटीएफएस क्विक’ आणि शेवटी ‘असाइन’. ‘क्लीन’ एकदाही ‘खात्री आहे का’ असं विचारत नाही. चुकीचा आकडा दिला तर लॅपटॉपला जोडलेली दुसरी एखादी डिस्क क्षणात कोरी होते, म्हणून त्या वेळी बाकीचे पेनड्राइव्ह, कार्डं सगळं उपसून ठेवलेलं बरं.

एमबीआर ही जुनी पद्धत का, तर जुन्या राउटरना जीपीटी समजत नाही. एमबीआरची मर्यादा २ टीबीची. ४ टीबीची डिस्क एमबीआर केली तर जवळजवळ अर्धी जागा फुकट जाते. तेव्हा राउटर जुना असेल तर २ टीबीच्या वरची डिस्क घेऊच नये. नवा असेल तर जीपीटी निर्धास्त ठेवावं, फक्त ते सुरुवातीचं छोटं पार्टिशन काढून टाकावं.

अ‍ॅलोकेशन युनिट ४०९६ वरच राहू द्यावं. फाइल कॉम्प्रेशनची खूण करू नये. डिस्कचं नाव इंग्रजी अक्षरांत, आखूड आणि मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावं. बिटलॉकर लावलेली किंवा बनवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने पासवर्ड घातलेली डिस्क राउटरला उघडता येत नाही. ते कुलूप आधी काढावं लागतं.

क्विक की पूर्ण? नवी डिस्क असेल तर क्विक पुरे. जुनी असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तिची प्रकृती बघावी. ०५ आणि सी५ या दोन ओळींचे कच्चे आकडे शून्य हवेत. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे अगदी छोटे तुकडे), सी५ म्हणजे वाचताना अडखळणारे. सी७ वाढलेला दिसला तर दोष बहुधा केबलचा, डिस्कचा नव्हे. आमच्या डिस्कचा सी५ शून्य होता, तरी पूर्ण फॉरमॅट एकदा केलंच, कारण त्यात प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहून तपासणी होते. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तरी एक टीबीला पावणेतीन तास लागतात, आणि छोट्या डिस्कचा वेग आतल्या वर्तुळांकडे जाताना उतरतो, म्हणून चार तास हातात ठेवावेत. हे काम वळवाच्या दिवसांत संध्याकाळी काढू नये.

फॉरमॅट झालं की डिस्क लगेच राउटरला लावायचा मोह होतो. तो आवरावा, आधी लॅपटॉपलाच जोडून सगळा माल भरून घ्यावा. यूएसबी ३ वरून ५०० जीबी भरायला दीड तासाच्या आसपास लागतात. तोच माल राउटरमार्फत भरायचा, आणि राउटरची लॅन पोर्टं १०० एमबीपीएसची असली, तर सेकंदाला १० एमबीच्या फारसं पुढे जाता येत नाही. म्हणजे चौदा तास. चौदा तास वीज एकदाही न जाता राहील असा पावसाळ्यातला दिवस फोंड्यात शोधावा लागेल. भरून झाल्यावर डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढायची. डिस्क जोडलेली असताना लॅपटॉप नुसता शटडाउन करून ती उपटली तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे ती अर्धवट झोपेत राहू शकते, आणि मग राउटर ती फक्त वाचायला देतो.

आता विजेचं. सगळ्यात जास्त डोकं इथेच खाल्लं गेलं. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास लागू शकतात. कमी पडलं की डिस्क टक्-टक् असा आवाज करत पुन्हा पुन्हा उठायचा प्रयत्न करते. हा आवाज ऐकून पुष्कळ चांगल्या डिस्का भंगारात गेल्या असतील. दुसरी तऱ्हा म्हणजे डिस्क लावताक्षणी राउटरच रीस्टार्ट होतो. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे एकूण १२ वॅट. त्यात राउटरचं स्वतःचं खाणं आणि वर डिस्कचे पाच वॅट. अशा वेळी तेवढ्याच व्होल्टचा, तीच पिन आणि तेच धन-ऋण असलेला २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावायला हरकत नाही. व्होल्ट मात्र बदलायचे नाहीत. पण अ‍ॅडॉप्टर मोठा केल्याने यूएसबी पोर्टची मर्यादा वाढत नाही. राउटर रीस्टार्ट व्हायचा थांबला आणि टक्-टक् चालूच राहिली, तर उपाय म्हणजे स्वतःचा ५ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असतोच, तिथे हा प्रश्न येत नाही.

हब घेतला की नवीन पेच. राउटर मिनी यूपीएसवर आणि हब भिंतीतल्या साध्या प्लगवर असला, तर वीज गेल्यावर राउटर जिवंत राहतो आणि डिस्क मरते. राउटरला वाटतं कोणी तरी डिस्क उपटली. लिहिणं चालू असेल तर याहून वाईट काही नाही. त्यापेक्षा दोन्ही एकदम गेलेली परवडली. राउटर आणि हब एकाच बॅकअपवर हवेत. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागची कळ यूपीएस मोडवर आहे ना ते बघावं. दुसऱ्या मोडमध्ये बदल इतका सावकाश होतो की पंख्याला कळत नाही, पण राउटर तेवढ्यात बंद होऊन पुन्हा चालू होतो. आणि पावसात वीज तासभर जाण्यापेक्षा पाच मिनिटांत तीनदा ये-जा करते ते डिस्कला जास्त बाधतं. असा खेळ सुरू झाला की राउटरच्या पानावरचं ‘सेफली रिमूव्ह’ दाबून डिस्क काढून ठेवणं सगळ्यात स्वस्त.

तरी कधी तरी दगा होतोच. कॉपी करताना ‘राइट प्रोटेक्टेड’ असं आलं तर घाबरू नये, एनटीएफएसवर ‘नीट बंद झाली नाही’ अशी खूण पडलेली असते. डिस्क लॅपटॉपला लावून ‘चेकडिस्क’ (टाइप करताना chkdsk), ड्राइव्हचं अक्षर आणि ‘स्लॅश एफ’. बहुतेक वेळा काही मिनिटांत मोकळं होतं.

राउटरच्या पानावर शेअरिंग चालू करताना दोन खाती करावीत: एक सगळ्यांसाठी, फक्त वाचायचं, दुसरं स्वतःसाठी, लिहायचंही. दोघांना पासवर्ड. इंटरनेटवरून एफटीपी (घराबाहेरून फाइली उघडू देणारी सोय) ही खूण चालू असेल तर ती तिथल्या तिथे काढावी.

लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि राउटरचा पत्ता टाकला की फोल्डर दिसायला हवेत. दिसत नसतील आणि ८००७००३५ ने संपणारी चूक येत असेल, तर फॉरमॅटचा दोष नाही. जुने राउटर फक्त एसएमबी१ ही फाइली वाटून घ्यायची जुनी भाषा बोलतात. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने २०१७ मध्ये उच्छाद मांडला तो याच एसएमबी१ मधल्या छिद्रातून, आणि त्याच वर्षाअखेरच्या अपडेटपासून विंडोज १० ने ते मूळ मांडणीतून काढायला सुरुवात केली. राउटरचं फर्मवेअर नवं करून एसएमबी२ मिळतं का ते आधी बघावं. विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी१ परत चालू करता येतं, पण टीव्हीवर नाटक बघण्यासाठी सगळ्या लॅपटॉपचं दार उघडं टाकणं मला पटत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो वापरणाऱ्यांना मूळ मांडणीत विनापासवर्ड आत जाता येत नाही आणि साइनिंगही (प्रत्येक निरोपावर खरेपणाची सही) सक्तीचं आहे. जुना राउटर तिथे अडतो. फोनवर आणि अँड्रॉइड टीव्हीवर मात्र व्हीएलसी ही कटकट न करता उघडतं.

डिस्क राउटरच्या डोक्यावर ठेवू नये, उष्णता दोघांनाही सोसत नाही. त्याहून महत्त्वाचं कारण वेगळं आहे. यूएसबी ३ च्या केबलमधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. डिस्क लावल्यापासून मागच्या खोलीतलं वायफाय मेलं, अशी तक्रार आली तर कारण बहुधा हेच. डिस्क अँटेनापासून हातभर लांब, केबल चांगल्या शील्डची, आणि राउटरच्या पानावर यूएसबी २ मोडची सोय असेल तर ती चालू. १०८० पीचं नाटक सेकंदाला एक-सव्वा एमबीने चालतं, त्याला यूएसबी २ भरपूर झालं. टीव्हीला ५ गिगाहर्ट्‌झ द्यावं, पण मध्ये चिऱ्याची फूटभर भिंत असेल तर ते तिथेच संपतं. तिथे लॅनची वायरच ओढावी. पावसात मुंग्या राउटरच्या उबेला घर करतात, म्हणून डिस्क आणि हब भिंतीला न टेकवता.

फाइलींची नावं मराठीत ठेवता येतात, राउटरच्या कृपेने. काही जुन्या राउटरवर ‘माशेल चिखलकाला’ या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, तर काही टीव्हींवर चौकोन, कारण त्यांच्याकडे देवनागरी फॉन्टच नसतो. आधी एकच फोल्डर करून तिन्ही पडद्यांवर बघावं. एक्स्ट४ घेतलं असेल तर आणखी एक अट: नावाला २५५ बाइटची मर्यादा आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं धरून ८५ चिन्हं. नाटकाचं नाव, मंडळ, गाव आणि तारीख एकाच नावात कोंबणाऱ्यांनी हे मोजून ठेवावं.

शेवटची चाचणी मेन स्विचची. कोणी काही लिहीत नसताना राउटरचा आणि हबचा बॅकअप काढून दोन्ही बंद करायचे, मिनिटभराने एकदम चालू करायचे आणि हात न लावता बघायचं की डिस्क आपोआप यादीत येते का. आमची आली नाही. राउटर डिस्कला शोधून मोकळा व्हायचा, तोवर ती धड फिरायलाही लागलेली नसायची. हब आधी आणि राउटर पंधरा सेकंदांनी चालू केला की सगळं ठीक. म्हणून बॅकअप एकच ठेवून दोघांचे प्लग वेगळ्या स्विचवर घेतले आणि राउटरच्या स्विचवर चिकटपट्टी लावून लिहिलं: ‘हा नंतर.’